अल नहदा येथील खुर्द्याची मोहीम

शारजा सुभ्यात, दुबईच्या शिवेवर, अल नहदा मुलखी चौदाव्या मजल्याचे ठाणे राखोन असलेले मेहेरबान कमरुद्दीनसाहेब, मूळ वतन रत्नागिरी, यांणी पाव दिरहमासाठी जे युद्ध मांडिले, त्याची हकीकत पुढील शहाण्यांस इबरत व्हावी, धडा मिळावा म्हणोन लिहिली ऐसे. मूर्खांस इबरतीचा उपयोग नसतो, हे साहेबांवरोनच सिद्ध जाहले.

इमारतीखाली केरळप्रांतीचा तहा नामे इसम वाणसामानाचे दुकान चालवी. त्यास त्या मुलखी बकाला म्हणतात. गल्ल्यात खुर्दा नसला म्हणजे तहा पाव दिरहमाऐवजी च्युइंगगम हाती ठेवी, आणि सारी रयत ते मुकाट चघळी, आणि साहेबही चघळीत. मग कालेजात पढणारी कन्या नबिला हिणे अठराव्या शतकीच्या आयर्लंडावर निबंध लिहिला: तेथे टांकसाळ नव्हती, खुर्द्याचा दुष्काळ, उदमी आपलेच बिल्ले नाणे म्हणोन चालवीत, आणि विद्वान पुस्तिका छापोन गर्जत, की खोटे नाणे घ्याल तर व्यापार बुडेल. साहेबांनी चार पाने वाचली आणि पेटले. अर्धे वाचोन पेटणे हा या घराण्याचा जुना रिवाज.

"अब्बा, प्लीज फिनिश इट फर्स्ट," कन्येने अर्ज गुजारिला. नामंजूर जाहला.

मग इमारतीच्या व्हॉट्सॲप दरबारी खलिता सुटला: पाव दिरहम म्हणजे सहा रुपये होतात, सरकारी शिक्क्याच्या नाण्याखेरीज कोणताही व्यवहार होऊ नये, तोवर बकाल्याची पायरी कोणी चढू नये. भराभर अंगठे उठले. अंगठा उचलण्यास काय जाते?

वेढा पडला आणि संध्याकाळीच फुटला. सहाव्या मजल्याचे वेदांगराव दह्यासाठी फितूर जाहले. खुद्द साहेबांच्या मुदपाकखान्यात कोथिंबीर सरली, आणि बेगम मैमुनाबींनी बजाविले, "फोडणी जळतेय. तुमचा आयर्लंड येणार का कोथिंबीर घेऊन?" साहेबांनी माघार घ्यावी तर घरात नाक कापले जाणार.

इतक्यात तहाने सुलूख मागितला. बँकेतोन खुर्द्याची थैली आणविली आणि भर दुकानात साहेबांचे हाती पाव दिरहम ठेविला. साहेबांची छाती फुगली. मग तो अदबीने बोलिला:

"कमरुभाई, आपका बात सही है. सब काम शिक्के से. होम डिलिव्हरी फ्री था ना? खलास. अब एक फेरी, दो दिरहम."

आजवर तहाचा माणूस एका जुडीसाठी चौदा मजले वर येई, आणि त्याचा मोबदला कोणी पुसला नव्हता. साहेबांनी घरी येऊन निबंध पुढे उघडिला. उदम्यांचे बिल्ले लोक विश्वासाने घेत, आणि त्यावरच गरिबांचा बाजार चाले, ऐसे नवव्या पानी लिहिले होते. साहेबांनी निबंध मिटला आणि कन्येचा हस्ताक्षरदोष काढू लागले. निबंध तर छापील होता.

दोन दिरहम म्हणजे पन्नास रुपये! ते देणे साहेबांस मंजूर नाही. सबब ऑगस्टाच्या भर दुपारी पाण्याची पाच गॅलनची बाटली खांद्यावर घेऊन साहेब स्वतः चालले, घामाने निथळले, आणि लिफ्टीत पिशव्या धरोन उभ्या शेजाऱ्यांपैकी एकानेही सलाम केला नाही. बाटली उतरवोन घेता मैमुनाबींनी फर्माविले, लिंबे राहिली. साहेब पुन्हा उतरले. येणेप्रमाणे अल नहदा मुलखी खरे नाणे चालू जाहले, आणि मोहीम पूर्ण फत्ते जाहली ऐसे.