तिसऱ्या कोटेशनची इटालियन गाडी

लातूरच्या आमच्या शिक्षणसंस्थेचे अध्यक्ष शेषेराव साहेब यांना जुन्या इटालियन गाड्यांचा छंद जडला. पोराच्या लग्नात नांदेडला, मारुतीपासून मांडवापर्यंतचा परण्या, म्हंजी नवरदेवाची मिरवणूक, तसल्याच गाडीतून काढणार, असं ते व्याह्यांना सांगून बसले. आता साहेब स्वतःच्या खिशातून रुमालसुद्धा काढत न्हाईत. त्यामुळं सदर गाडी ‘भौतिकशास्त्र प्रयोगशाळेचे उपकरण’ म्हणून संस्थेनंच घ्यावी, असं ठरलं. खरेदी समितीत मी हाय. असल्या कामात मला लई मजा येती.

तुलनेला दोन जुन्या गाड्या. फेरारी अन् लॅम्बोर्गिनी.

“फेरारीचा आवाज ऐक,” साहेबांनी मोबाईल माझ्या कानाला लावला. “सनई हाय नुसती!”

“पण लॅम्बोर्गिनीचं दार वर उघडतंय, साहेब. फेट्याला धक्का न्हाई. अन् ती कंपनी काढणाऱ्या माणसानं आधी ट्रॅक्टर काढलेत म्हणं.”

“मग घरचाच की!”

दोन्हीत माणसं दोनच बसतात अन् चाकूरच्या पहिल्याच गतिरोधकावर दोन्हींचं पोट खरवडणार, असा अभिप्राय मी गांभीर्यानं नोंदवला.

तेवढ्यात हेडक्लार्क शरणप्पा खाकरला. “साहेब, नियमानं कोटेशन तीन लागतात.”

“तिसरी इटालियन गाडी कुठून आणू रे?”

“कंधारवरून,” मी म्हणलं. “ॲपे. कंपनी मूळची इटलीचीच.”

“ती तीनचाकी? बकऱ्या कोंबतात ती?”

“नुसतं कागदापुरतं, साहेब.”

“आण मग. कोण वाचून राहिलंय!”

खरंच कुणी वाचलं न्हाई. आमच्याकडं शरणप्पा पेन्सिलीनं फुली मारतो अन् बाकीचे फुलीवर सही करतात. साहेबांनी फेरारीचा आवाज ऐकत ऐकत सही ठोकली. नियमानं सगळ्यात स्वस्त ते मंजूर. लग्नाच्या आदल्या दिवशी फाटकात ॲपे येऊन उभी.

“रद्द करा!” साहेब ओरडले.

“करू की,” शरणप्पा म्हणला. “फक्त कारण लिहावं लागंल. मग ऑडिटवाले विचारतील, प्रयोगशाळेला फेरारी कशाला पाहिजे होती?”

साहेबांनी ॲपे धुवायला पाठवली.

नांदेडला परण्या ॲपेतूनच निघाला. नवरदेव, करवल्या, मामा, सगळे मावले. व्याही गाडीभोवती फिरून आले.

“इटालियन म्हणला होतात ना?”

“इटालियनच हाय,” साहेब घाम पुसत म्हणले. “पारख असलेल्यालाच कळतंय.”

व्याह्यांनी लगेच मान डोलावली, गाडीला हार घातला अन् बोनेट शोधू लागले.

हसून राहिलात? हसा. पण तुमच्या पोराला भौतिकशास्त्र शिकवणारे सर पण आम्ही असेच घेतलेत. तीन अर्ज, त्यातला सगळ्यात स्वस्त. अन् पोराला आमच्याच कॉलेजात ॲडमिशन द्या म्हणून मला फोन कुणी केलता?