सुभेदाराचा हिवाळा

मोठ्या लेकीचं बाळंतपण ऐन हिवाळ्यात आलं, तेव्हा सासूबाईंनी बॅग भरायला घेतली आणि सासरेबुवांनी तळ्याची काळजी करायला. सासूबाई जाणार म्हटल्यावर सासरेबुवांनाही जाणं भाग होतं, कारण अग्निशमन दलात उभी हयात काढलेल्या या गृहस्थाला घरचा गॅस मात्र पेटवता येत नसे. घर सांभाळायला धाकटी लेक आणि जावई येऊन राहणार होते. प्रश्न होता तो मागच्या अंगणातल्या, थंडीत गोठणाऱ्या तळ्याचा. तळं कसलं, चार पावलांत संपणारा खड्डाच तो. पण त्यात नारिंगी मासे होते आणि त्यांच्यात सगळ्यांत थोराड, कल्ल्याजवळ पांढरा डाग असलेला सुभेदार होता. सासरेबुवा रोज सकाळी सुभेदाराशी बोलत. जावयाशी बोलत त्यापेक्षा जास्तच.

जावई दातांचा डॉक्टर. माणूस सरळ, हाताने हलका. पण लग्नानंतर पहिल्याच वर्षी त्याने सासऱ्यांची शिडी मागून नेली आणि एक पायरी मोडून परत आणली. तेव्हापासून सासरेबुवांनी या घरातली एकही वस्तू त्याच्या हाती दिली नव्हती. स्क्रू ड्रायव्हर मागितला तर ते स्वतः घेऊन येत, स्वतः स्क्रू पिळत आणि स्क्रू ड्रायव्हर खिशात घालून परत जात. त्यामुळे तळं आपल्या ताब्यात मिळतंय हे कळल्यावर डॉक्टर मनातून हरखला. मासे थंडीतून सुखरूप बाहेर यावेत आणि सासऱ्यांनी एकदा, फक्त एकदा, आपल्या पाठीवर हात ठेवावा, एवढीच त्याची इच्छा होती.

"खायला घालायचं नाही," सासरेबुवा तळ्याच्या काठावर उभे राहून सांगू लागले. "थंडीत त्यांना पचत नाही. तळाशी गप्प पडून राहतात. मेले समजून घाबरायचं नाही."

"बरं."

"वरचं पाणी गोठलं की भोक पाडायचं. नाहीतर खालचा घाण वायू कोंडतो. पण हातोडा मारायचा नाही, दणका माशांना बसतो. भांड्यात उकळतं पाणी घ्यायचं आणि भांडं बर्फावर ठेवायचं. छान गोल भोक पडतं."

"भांडं धरून ठेवायचं का?"

सासरेबुवांनी शिडीच्या वेळी पाहिलं होतं तसंच त्याच्याकडे पाहिलं. "भांडं ठेवायचं, आत जायचं, चहा प्यायचा, परत येऊन बघायचं. त्यात धरायचं काय? जावईबापू, आगीच्या बंबावर नोकरी केली मी. अख्ख्या नोकरीत माझ्या हातून एक बादली हरवली नाही."

हे वाक्य ते लग्नाच्या बोलणीतही म्हणाले होते.

सासूबाईंची सूचना वेगळी होती आणि ती त्यांनी स्वयंपाकघरात, आवाज खाली आणून दिली. "वन्सं आल्या तर चहा द्या. पण इथं त्यांना एकटं सोडू नका."

वन्सं म्हणजे सासरेबुवांची बहीण, गल्लीच्या टोकाला एकटी राहणारी. गेल्या काही वर्षांत या घरातली भांडी नाहीशी होऊ लागली होती, आणि घरात येणारं-जाणारं माणूस म्हणावं तर त्या एकट्याच. इतर भांड्यांचं सासूबाईंनी मनावर घेतलं नसतं, पण आईने दिलेलं निळं एनॅमलचं पातेलं गेलं तेव्हा त्यांचा जीव तुटला. त्याचं झाकण तेवढं फळीवर राहिलं होतं, ते त्या टाकत नव्हत्या. नणंदेला तोंडाने कधी काही बोलल्या नाहीत. फक्त त्यानंतर त्यांचा चहा बाहेर अंगणात नेऊन देऊ लागल्या.

म्हातारा-म्हातारी लेकीकडे गेली आणि आठवडाभरात तळ्यावर पहिला बर्फ धरला. डॉक्टरने दुधाचं पातेलं घेतलं, पाणी उकळलं, पातेलं बर्फाच्या बरोबर मधोमध ठेवलं आणि सांगितल्याप्रमाणे आत जाऊन चहा केला. तेवढ्यात एका पेशंटचा दाढेबद्दल फोन आला. दाढेची समजूत घालून तो परत आला तर भोक पडलेलं होतं. इतकं गोल, इतकं सुबक की त्याला स्वतःचं कौतुक वाटलं. मग त्याला पातेलं आठवलं.

कपड्यांच्या हँगरची तार सरळ करून त्याने आकडा केला आणि भोकातून खाली सोडला. पातेलं लागलं नाही, चिखल मात्र ढवळला गेला. त्या गढुळातून सुभेदार एका कुशीवर कलंडल्यासारखा दिसला आणि डॉक्टरने तार होती तिथंच थांबवली. थोड्या वेळाने सुभेदार सावकाश सरळ झाला. डॉक्टरने तार काढून घेतली. पातेलं काय, पाण्यात सडत नाही. सुभेदाराला काही झालं तर सासऱ्यांना तोंड दाखवायची सोय उरली नसती.

दुसऱ्या बर्फाला त्याने डोकं चालवलं. कढई घेतली. कढईला दोन कान असतात, भोक पडलं तरी कान कडेला अडकतील, असा हिशेब. या वेळी चहाही अर्धाच कप प्यायला. पण मोठ्या कढईत पाणी जास्त, पाणी जास्त म्हणून ऊब जास्त, आणि ऊब जास्त म्हणून भोकही कानांपेक्षा मोठं. कढई कानांसकट गेली.

तिसऱ्या खेपेला किटली. किटलीच्या कडीला दोर बांधायचा आणि दोराचं दुसरं टोक कपडे वाळत घालायच्या खांबाला. दोर शोधायला वेळ नव्हता, पण दवाखान्याच्या बॅगेत दातांच्या फटी साफ करायच्या, पुदिन्याच्या वासाच्या दोऱ्याची डबी होती. हा दोरा किती चिवट असतो हे तो रोज दहा माणसांना पटवून देत असे. चांगला चौपदरी करून त्याने तो बांधला. परत आला तेव्हा खांबावरून दोरा नुसता वाऱ्यावर हलत होता आणि अंगणात पुदिन्याचा मंद वास सुटला होता.

पातेलं गेलं तेव्हा बायको म्हणाली होती, आईनं कुठंतरी ठेवलं असेल. कढई गेली तेव्हाही तेच म्हणाली. किटली गेल्यावर मात्र ती स्वयंपाकघराच्या मधोमध कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"अरे, किटली काल इथंच होती. तू पाहिलीस ना?"

डॉक्टर फळीवरचे कप सरळ करू लागला.

"परवा आत्या आली होती," बायको हळूच म्हणाली. "मी फोनवर होते, तेव्हा ती कप ठेवायला आत आली होती. आई म्हणायची ते मला कधी खरं वाटलं नव्हतं."

खरं तर बोलायचं ते तेव्हाच. पण बोलणं म्हणजे तळ्याचा पहिलाच महिना आणि तीन भांडी बुडाली हे कबूल करणं, आणि मग शिडीची गोष्ट पुन्हा पहिल्या पायरीपासून सुरू. डॉक्टर म्हणाला, "सापडेल कुठंतरी," आणि त्या शब्दांची त्याला स्वतःलाच लाज वाटली.

बायकोने आईला फोन लावला. पलीकडून सासूबाईंचा आवाज इतका चढला की बाळ रडायला लागलं. मग सासरेबुवांनी फोन घेतला. एरवी हरवलेल्या टाचणीचीही चौकशी बसवणारा हा माणूस या वेळी घाईने विषय मिटवायला लागला.

"भांड्यांचं काय घेऊन बसलात," ते म्हणाले. "जावईबापूंना सांग, तळाला हात लावू नका म्हणावं. बर्फ वितळेपर्यंत कोणी तळ ढवळायचा नाही. सुभेदार बिचकतो."

डॉक्टरला हायसं वाटलं, आणि थोडं नवलही.

पुढचा सगळा हिवाळा त्याने एका लांब दांड्याच्या जुन्या पातेलीवर काढला. बर्फ धरला की पातेलीत उकळतं पाणी घ्यायचं आणि भोक पडेपर्यंत दांडा दोन्ही हातांनी धरून तळ्यापाशी ओणवं राहायचं. चहा नाही, फोन नाही. पेशंट ताटकळत. नाक लाल, कंबर धरलेली. पण त्यानंतर एकही भांडं गेलं नाही.

एका सकाळी तो असाच ओणवा असताना कुंपणापाशी आत्याबाई येऊन थांबल्या.

"छान काळजी घेतोस की," त्या म्हणाल्या. "दादा काही असा धरून बसायचा नाही हो. तो मस्त आत जाऊन चहा प्यायचा."

"मलाही तसंच सांगितलं होतं," डॉक्टर म्हणाला.

आत्याबाई जरा घुटमळल्या. "वहिनीला फोन केला होता मी, बाळाची चौकशी करायला. नीट बोलली नाही. तुझी बायकोही परवा रस्त्यात मान फिरवून गेली. माझं काही चुकलं का रे?"

पातेलीतलं पाणी हिंदकळून डॉक्टरच्या बुटावर सांडलं. त्याने पातेली सावरली. "तुमचं काही चुकलेलं नाही, आत्याबाई. आत या ना, चहा घेऊ."

"नको. बाहेरच बरी मी," म्हणत त्या गेल्या. त्या दिवशी डॉक्टरने एका पेशंटचा दुखरा दात सोडून शेजारचा ठोकून पाहिला.

ऊन तापायला लागलं, बर्फ गेला आणि मासे एक-एक करून वर येऊ लागले. सगळ्यांत शेवटी सुभेदार आला, जरा सुकलेला पण ऐटीत. सासरेबुवा गाडीतून उतरले ते थेट तळ्यावर गेले. बराच वेळ वाकून पाहत राहिले. मग सरळ झाले आणि म्हणाले, "सगळे आहेत." त्यांचा उजवा हात वर उचलला गेला आणि डॉक्टरच्या पाठीच्या रोखाने निघाला.

नेमक्या त्याच वेळी आत्याबाई बाळाच्या चौकशीला फाटकातून आत आल्या, आणि स्वयंपाकघराच्या दारातून सासूबाई बाहेर आल्या. मागोमाग बायको.

"वन्सं," सासूबाई म्हणाल्या, "इतकी वर्षं बोलले नाही, आज विचारते. माझं दुधाचं पातेलं, कढई आणि किटली कुठं आहेत?"

आत्याबाईंच्या चेहऱ्यावरचं हसू जागच्या जागी राहिलं, फक्त त्यातला जीव गेला. त्यांना काय विचारलं जातंय तेच त्यांना कळेना. सासरेबुवांचा हात हवेतच थांबला होता. डॉक्टरने त्या हाताकडे एकदा पाहिलं, आत्याबाईंकडे एकदा पाहिलं.

"माझ्याकडे आहेत," तो म्हणाला. "म्हणजे, सुभेदाराकडे."

कोणाला काही समजायच्या आत त्याने बूट काढले, पँट गुडघ्यावर चढवली आणि तळ्यात पाय घातला.

"पाणी गार आहे, जावईबापू," सासरेबुवा घाईने म्हणाले. इतक्या मायेने ते आजवर बोलले नव्हते. "राहू द्या. उद्या बघू."

पण डॉक्टर वाकला होता. पातेलं निघालं. कढई निघाली. किटली निघाली, तिच्या नळीतून एक गोगलगाय बाहेर आली. काय घडलं ते त्याने पहिल्या चहापासून पुदिन्याच्या वासापर्यंत सांगितलं आणि मग म्हणाला, "आत्याबाई, मी हे तेव्हाच सांगायला हवं होतं. मला माफ करा."

"बाबांनी तुला पुन्हा शिडी दिली नाही तेच बरं," बायको म्हणाली. पण तिनेही आत्याकडे बघायचं टाळलं.

डॉक्टरच्या हाताला आणखी काहीतरी लागलं. त्याने ओढलं. शेवाळ्याचा लगदा निथळला आणि आतून निळा रंग दिसला.

"हे माझं नव्हे," तो म्हणाला.

सासूबाईंनी ते पातेलं निरखून पाहिलं. आत गेल्या, फळीवरचं झाकण घेऊन आल्या आणि चिखलाने भरलेल्या पातेल्यावर ठेवलं. झाकण नीट बसलं. मग त्या नवऱ्याकडे वळल्या.

"अहो."

"पहिल्या वर्षी मला कुठं माहीत होतं, की ते धरून ठेवावं लागतं," सासरेबुवा म्हणाले.

"आणि दुसऱ्या वर्षी?"

"चहा निवत होता."

आत्याबाई मटकन पायरीवर बसल्या. "म्हणून माझा चहा बाहेर होय," त्या म्हणाल्या. "मला वाटायचं, माझ्या पायांनी तुझी फरशी मळते. फाटकाशी थांबून पाय पुसून यायचे मी दर वेळी."

सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी नणंदेचं मनगट धरलं, तिला उठवलं आणि म्हणाल्या, "आत चला, वन्सं. आज चहा तुम्हीच करा. याच पातेल्यात." घासायला वेळ लागेल, असं आत्याबाई म्हणत होत्या. लागू दे, असं सासूबाई म्हणत होत्या. भांडी उचलून बायकोही त्यांच्यामागे गेली, आणि आत गेल्यावर तिने आत्याच्या गळ्यात हात टाकलेला डॉक्टरला खिडकीतून दिसला.

अंगणात दोघेच उरले. डॉक्टर बाहेर यायला वळला आणि त्याच्या पायाला एक कडी लागली. त्याने वाकून चाचपलं. भांडं उंच होतं, जाड पत्र्याचं, तोंडाशी रुंद. चिखल जरा बाजूला केल्यावर पाण्यातून लाल रंग आणि त्यावरचा पांढरा सरकारी नंबर स्पष्ट दिसला. त्याने हात काढताच सुभेदार शांतपणे पोहत आला, कडीखालून वळला आणि रोजच्या सवयीने बादलीत जाऊन बसला.

डॉक्टरने वर पाहिलं. सासरेबुवा आकाशाकडे बघत होते.

"खाली आणखी काही आहे का?" त्यांनी विचारलं.

"नाही, बाबा," डॉक्टर म्हणाला. "तळ साफ आहे."

सासरेबुवांनी त्याला काठावर यायला हात दिला. तो वर आला तरी तो हात खाली गेला नाही. पाठीवर जाऊन बसला आणि बराच वेळ तिथं राहिला.

"कधी लागली तर," सासरेबुवा म्हणाले, "शिडी नेत जा."