गुणवंतकाकांचा शक

गुणवंतकाकांच्या घरी जायचं तर आधी अंग कडुनिंबाच्या डहाळीनं झाडून घ्यावं लागतं. पाहुणा असो, पोस्टमन असो, की मतं मागायला आलेला पुढारी. काका त्याला फाटकातच उभा करतात, पाठ फिरवायला लावतात आणि मानेपासून टाचेपर्यंत सपासप झाडतात. "कोनाच्या कोठ्यापाशी थांबला व्हता?" हा पहिला प्रश्न. कोठा म्हणजे गुरांचा गोठा. माणूस "कोनाच्याच नाही" म्हणाला की काका डोळे बारीक करतात.

"मले शक हाय."

शक असतो गोमाशीवर. ही चावरी माशी एका गुराचं रक्त पिऊन दुसऱ्यावर बसते हे डॉक्टरही सांगतात. पण ती माणसाच्या सदऱ्यावर बसून घरोघर हिंडते, हा काकांचा स्वतःचा शोध. दोन वर्षांपूर्वी आमच्या भागात गाठींचा आजार आला, गुरांच्या अंगावर लिंबाएवढ्या गाठी उठून फुटायला लागल्या, तेव्हा काकांच्या बैलजोडीतला ठाकूर गेला. वजीर उरला. तेव्हापासून काका एका बैलाच्या डवऱ्यावर, म्हणजे कोळप्यावर, शेती करतात आणि राहिलेला वेळ जगावर संशय घेण्यात घालवतात.

मी त्यांचा भिंतीला भिंत लागून शेजारी. शाळेत शिकवायला रोज तेल्हाऱ्याला जातो, म्हणजे कायमचा संशयित. एकदा त्यांनी काडेपेटीतून मेलेली माशी काढून माझ्या नाकासमोर धरली. "मास्तर, हे आपल्या गावची नाही. तेल्हाऱ्याची हाय. आपली माशी इतकी माजोरी नसते." माशीकडे काही आधारकार्ड नव्हतं.

गावात एक लग्न होतं. नवरदेव घोड्यावर बसून मारुतीच्या दर्शनाला निघाला. काकांनी वरात अडवली, नवरदेवाला खाली उतरवलं आणि आधी घोड्याला, मग त्याला झाडून काढलं. त्या लग्नाच्या सगळ्या फोटोंत नवरदेवाच्या फेट्यात कडुनिंबाची पानं आहेत.

लस टोचायला आलेले गुरांचे डॉक्टरही सुटले नाहीत. "हे सुई याच्या आंदी कोनाले टोचली?" काकांनी विचारलं. डॉक्टरांनी त्यांच्यादेखत नव्या सुईचं पाकीट फोडलं आणि जाताना मला म्हणाले, "अख्ख्या गावात नेमका प्रश्न विचारणारा हा एकच माणूस." काकांनी स्वतःच्या खाटेची मच्छरदाणी कापून कोठ्याच्या दाराला शिवली आहे. वजीर जाळीत झोपतो आणि काका उघड्यावर डास मारत बसतात.

आणखी एक खोड. बाहेरून आले की काका स्वतःलाही झाडतात, आणि सगळ्यात जास्त वेळ. आम्ही हसायचो. म्हातारा बायको गेल्यापासून बिनसला म्हणायचो.

अशा माणसाच्या शेजारी राहून मलाही संशयाची लागण झाली. यंदा पोळ्याच्या आधी माझ्या गंगी गायीच्या मानेवर गाठी दिसल्या. लस टोचायची राहून गेली होती. आज नेऊ, उद्या नेऊ करत मीच राहू दिली होती. बायकोला म्हटलं, काकांना कळता कामा नये. ते भिंतीपलीकडे नुसते खाकरले तरी मला वाटायचं, हेरगिरी चालू आहे. गाय मागच्या खोलीत बांधून आम्ही गुपचूप हळद आणि करंजाचं तेल लावत होतो.

तिसऱ्या दिवशी भिंतीवरून आवाज आला. "मास्तर, हळद-तेलाचा वास काहून येऊन राहिला?"

"हिचा गुडघा दुखतो, काका."

"मले शक हाय," म्हणत ते गेले. मी घाबरलो. संध्याकाळी भिंतीवर निर्गुडीच्या पाल्याचा भारा येऊन पडला. "सूनबाईले शेक घे म्हना. नाल्यावरून आनला." त्या रात्री मला जेवण गोड लागलं नाही, पण खरं काही मी बोललो नाही.

पोळ्याच्या आदल्या दिवशी सकाळी काकांनी हाक मारली. मी फाटकाबाहेरच थांबलो. काका पायरीवर बसले होते, डहाळी बाजूला पडली होती.

"वजीरच्या खांद्यावर फुगलं हाय. माह्यानंच झालं."

"तुमच्यानं कसं?"

"ठाकूरच्या टायमाले बी मीच व्हतो. साळ्याच्या गायीच्या जखमा धुवाले गेलो व्हतो. घरी आलो त ठाकूर उपाशी, हंबरून राहिला व्हता. हात नाही धुतले, धोतर नाही बदललं, तसाच त्याची मान खाजवत बसलो. आठ दिवसांनी गाठी. आन परवा पाल्यासाठी नाल्यावर गेलो, तथी सारी गुरं बसते. लोकायवर शक घेतो मी, पन खरा शक माहा माह्यावरच हाय."

मग मी सगळं सांगितलं. गुडघा खोटा, गाय खरी, लस राहिली ती माझ्यामुळे. आता सात पिढ्यांचा उद्धार होणार म्हणून मी मान खाली घातली.

काकांनी एवढंच विचारलं, "चारा खाऊन राहिली का?"

मी डॉक्टरांना फोन केला. दुपारी ते आले. वजीरचा खांदा जू घासून सुजला होता, आजार नव्हता. गंगीला ताप नव्हता; जखमा रोज धुवा, माशी बसू देऊ नका, जगेल म्हणाले. मला मात्र त्यांनी शाळेतल्या पोरासारखं झापलं, आणि ते योग्यच होतं.

संध्याकाळी खांदमळणी. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे लोणी-हळदीनं चोळून त्यांना जेवणाचं बोलावणं करतात. भिंतीवरून मी पाहत होतो. दुखरी जागा सांभाळत काकांनी वजीरचा खांदा चोळला, मग ठाकूरच्या रिकाम्या खुंट्यालाही हळदीचं बोट लावलं. म्हणाले, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

वजीरचं आटोपल्यावर काका माझ्याकडे आले. "निरोगी आंदी, बिमार मंग," म्हणत गंगीपाशी बसले. कडुनिंबाच्या कोमट पाण्यानं एकेक जखम धुतली, वर तेल लावलं. गाय एकदाही बिचकली नाही. ठाकूर गेल्यापासून परक्या गुराला हात न लावलेला हा माणूस तिच्याशी हळू आवाजात बोलत होता.

मग साबणानं हात धुऊन ते मला घेऊन आपल्या फाटकाशी गेले. नेहमी इतरांना पाठ फिरवायला लावणाऱ्या काकांनी स्वतःची पाठ माझ्याकडे केली. डहाळी माझ्या हातात दिली.

"झाड," म्हणाले. "पाठीवर माहा हात पोचत नाही. दोन सालांपासून मले तथचाच शक हाय."