हर्षदीपनं तिघांना हो म्हटलं

मैत्री परदेशात शिकायला जाणार हे नक्की झालं. काय शिकायला जाणार ते मात्र नक्की झालं नाही, आणि त्या मधल्या एकवीस दिवसांत तिच्या बापाचं, म्हणजे हर्षदीपचं, वजन तीन किलोनं उतरलं.

तशी बातमी आनंदाची होती. मैत्रीनं बी.एस्सी. अ‍ॅग्रिकल्चर केलं होतं. आयर्लंडमधल्या एका विद्यापीठात तिनं तीन विषयांसाठी अर्ज टाकले होते. एक नाही तर दुसरा तरी लागेल, असा विचार. विद्यापीठानं तिन्ही विषयांना प्रवेश देऊन टाकला. एक डेटा सायन्स, दुसरा सार्वजनिक आरोग्य, तिसरा मृदाशास्त्र. यातला एक निवडून एकविसाव्या दिवशी, रविवारी, संध्याकाळी सहाच्या आत कळवायचं होतं.

"ठरलं काय?" हर्षदीप रोज सकाळी डबा पिशवीत टाकताना विचारायचा.

"पाहून राह्यली, बाबा."

"किती पाहशील?"

"कोन्त्या विषयात काय शिकवतेत ते वाचून राह्यली. तीनशे पानं हायेत."

"वाचू द्या तिले," अर्पिता आतून म्हणायची. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती आणि कोणी वाचत बसलं असलं की त्याला हटकायचं नाही, हा तिचा नियम होता. हर्षदीप चपला घालायचा.

तो भीमपूरच्या मंडल ऑफिसात, म्हणजे तिथल्या तहसिलीत, सीनियर असिस्टंट होता. आदिलाबादहून रोज बसनं जायचा आणि बसनंच यायचा. बायकांना बस फुकट झाल्यापासून बसायला जागा मिळणं म्हणजे त्याला सणासारखं वाटायचं. पण हल्ली जागा रोज मिळत होती, कारण मारोतराव त्याच्यासाठी रुमाल टाकून ठेवत. मारोतराव महसूल खात्यातले निवृत्त गिरदावर. भीमपूरला त्यांचं शेत होतं आणि तिथं जायला रोज हीच बस होती. बातमी कळल्या दिवसापासून रुमाल पडू लागला आणि त्याबरोबर सल्लाही.

"हर्षदीप, माह्यं ऐक. कम्प्युटर. दुसरं काही नाही."

"हो, काका."

"हो नाही, पोरीले सांग. माह्या भाच्याचा पोरगा हैदराबादले डेटामधी हाये. घरून काम करते. बस नाही, काही नाही."

बस नाही, हे शब्द हर्षदीपच्या काळजाला भिडले. पण भाच्याच्या पोराची गोष्ट पाच दिवस ऐकल्यावर सहाव्या दिवशी त्याचं डोकं भणभणू लागलं. खिडकीतून सोयाबीन मागं पळत होतं. मारोतराव पुन्हा पहिल्यापासून सुरू झाले, आणि हर्षदीपच्या तोंडून आपोआप निघून गेलं, "काका, तेच घेतलं तिनं. कम्प्युटरचंच."

मारोतराव थबकले. मग त्यांनी समाधानानं त्याच्या मांडीवर थाप मारली, डोकं मागं टेकलं आणि भीमपूर येईपर्यंत घोरले. हर्षदीपनं इतक्या दिवसांत पहिल्यांदा बाहेर पाहिलं. केवढी शांतता! एका शब्दात मिळाली होती.

आता हा शब्द दुसरीकडे वापरायचा नाही असा त्याचा काही बेत नव्हता, आणि वापरायचा असाही नव्हता. पण त्याच आठवड्यात अर्पिताचे थोरले भाऊ दादाजी घरी आले. ते सरकारी दवाखान्यात हेल्थ सुपरवायझर होते आणि चहा पिण्याआधी कप उन्हात धरून पाहायचे.

"जवाई, सार्वजनिक आरोग्य. डोळे मिटून," दादाजी म्हणाले. "बेज्जूरकडच्या जंगलात मी तापाच्या साथीत गाव गाव फिरलो. मले इचारा ह्या विषयाची किंमत काय हाये ते."

कोणी विचारलं नाही, तरी त्यांनी सांगितलं. साथ सुरू झाली तेव्हा चार वाजले होते. आटोक्यात यायला साडेसहा वाजले. मैत्री क्लासला गेली होती, अर्पिता वह्या तपासायच्या आहेत म्हणून उठून गेली होती. हर्षदीप एकटा सापडला होता. दादाजी बेज्जूरहून निघून नदीपलीकडच्या साथीकडे वळणार, इतक्यात तो म्हणाला, "भाऊ, तुमच्या मनासारखंच झालं. आरोग्याचंच घेतलं तिनं."

दादाजींचे डोळे भरून आले. त्यांनी चहा गार झाला तरी तो पिऊन टाकला.

तिसरी राहीबाई. तिचं गाव भीमपूर मंडलातच होतं. जमिनीच्या पासबुकात एक अक्षर गळून तिचं नाव चुकीचं पडलं होतं आणि ते दुरुस्त करायला ती दर आठवड्याला ऑफिसात यायची. हर्षदीपनं तिची दरखास्त तीनदा वर पाठवली होती; वरून ती चौथ्यांदा मागवली होती. म्हणून तो तिच्यासमोर थोडा ओशाळलेला असायचा.

"सायेब, पोरगी परदेशात जाते म्हंते," राहीबाई म्हणाली. "काय शिकणार हाये?"

"आता... शेतीचंच हाये थोडं." त्याच्या टेबलावर अकरा फायली होत्या.

"मातीचं हाय काय त्याच्यात? आमच्या खालच्या वावरात कापूस उभ्या उभ्या वाळते. तीन वर्सं झाले. कोनी सांगत नाही काऊन ते."

"मातीचंच हाये, राहीबाई," हर्षदीप म्हणाला. निदान एक काम तरी तिच्या मनासारखं व्हावं, असं त्याला वाटलं असावं.

"मंग तिचा नंबर द्या. एक इचाराचं हाये."

त्यानं चिठ्ठीवर नंबर लिहून दिला आणि पुढची फाईल उघडली.

यापुढचे आठ-दहा दिवस त्याच्या आयुष्यातले सुखाचे दिवस होते. बसमध्ये मारोतराव घोरत होते, दादाजी फोनवर फक्त तब्येत विचारत होते. घरी मैत्री तीनशे पानं वाचत होती. आपण काही चुकीचं केलं, असं हर्षदीपला एकदाही वाटलं नाही. त्याला फक्त झोप चांगली लागत होती.

मग मारोतरावांनी रुमाल उचलता उचलता सांगितलं, "रविवारी सकाळी विहाराच्या हॉलमधी पोरीचा सत्कार ठेवला. सगळं ठरलं. तू फक्त ये."

"काका, काऊन त्रास..."

"त्रास कसला? आपल्या वस्तीतून बाहेरदेशी जाणारी पहिली पोरगी हाये. तुह्या बापानं लोकाच्या वावरात कापूस येचला, हे मी डोळ्यानं पाह्यलं. आणि त्याची नात विमानात बसते. सत्कार नाही तं काय?"

हर्षदीपनं मान डोलावली, आणि नाही म्हणायची शेवटची संधी त्याबरोबर गेली.

शनिवारी दुपारी बॅनरच्या दुकानातून फोन आला. "सार, एकही बच्ची का दो बॅनर आया. एक में कम्प्युटर लिखे, एक में आरोग्य लिखे. कौनसा सही है?"

दुसरा बॅनर कोणी दिला असेल, हे हर्षदीपला कळलं. सगळं सावरायची वेळ हीच होती. दोन फोन करायचे, दोनदा माफी मागायची, आणि दोन्हीकडून पुन्हा सुरुवातीपासून ऐकायचं: भाच्याचा पोरगा, मग बेज्जूरचं जंगल. समोर माणसांची रांग होती, पंखा बंद पडला होता.

"दोनो छाप दो," तो म्हणाला.

"सरे सार," असा तेलुगूत होकार देऊन दुकानदारानं फोन ठेवला.

रविवारी हॉल गच्च भरला. स्टेजच्या डाव्या अंगाला 'कम्प्युटर शास्त्राच्या उच्च शिक्षणासाठी हार्दिक शुभेच्छा' आणि उजव्या अंगाला 'सार्वजनिक आरोग्याच्या उच्च शिक्षणासाठी हार्दिक शुभेच्छा'. दोन्हीकडे मैत्रीचाच फोटो. डावीकडे दोन वेण्या, उजवीकडे एक.

"दोघी जुळ्या हायेत काय?" मागच्या रांगेतल्या आशाबाईंनी विचारलं.

"नाही वो. एकच हाये."

"मंग दुसरी कोन?"

वंदना झाली. मारोतराव अध्यक्ष म्हणून उभे राहिले आणि दहा मिनिटं कम्प्युटरवर बोलले. भाच्याच्या पोरालाही टाळ्या मिळाल्या. ते म्हणाले, "माह्या एका शब्दाले मान देऊन ह्या पोरीनं हा विषय घेतला..." तोच पहिल्या रांगेतून दादाजी उठले.

"अध्यक्ष महाराज, बोलण्यात चूक होऊन राह्यली. पोरीनं आरोग्य घेतलं."

"कोन म्हंते?"

"तिचा बाप म्हंते. माह्यासमोर बसून म्हटलं."

"माह्या तं बाजूले बसून म्हटलं!" मारोतराव माईकमध्येच म्हणाले, त्यामुळे ते रस्त्यापर्यंत ऐकू गेलं.

दोघांनी बॅनरांकडे हात केले. पुरावा दोघांजवळ होता आणि सारख्याच मापाचा होता. तेवढ्यात बायकांच्या बाजूनं राहीबाई उभी राहिली. ती सकाळच्या पहिल्या बसनं आली होती. तिच्या हातात दोरीनं बांधलेली प्लास्टिकची पिशवी होती, त्यात दोनेक किलो काळी माती.

"तुमी दोघंई चुकले," ती शांतपणे म्हणाली. "पोरगी मातीचं शिकाले जाते. सायेबानं मले ऑफिसात सांगतलं. सरकारी ऑफिसात."

सगळा हॉल हर्षदीपकडे पाहू लागला. तो उठला. गळ्यातला हार त्यानं एका हातानं सारखा केला. सव्वीस वर्षं त्यानं माणसांना सांगितलं होतं, वरून आलं नाही, उद्या या, साहेब दौऱ्यावर आहेत. आज त्यातलं एकही वाक्य कामाचं नव्हतं.

"मीच सगळ्याईले हो म्हटलं," तो म्हणाला. "काका, तुमाले म्हटलं. भाऊ, तुमाले म्हटलं. राहीबाईले म्हटलं. थकलो होतो जी. पोरीनं काय घेतलं ते मलेच माईत नाही."

बाहेर कोणी मोटारसायकलला किक मारत होतं ते आत ऐकू आलं.

"म्हंजे मी दोन हप्ते बसमधी उगाच झोपलो?" मारोतराव खालच्या आवाजात म्हणाले. ते खरंच दुखावले होते. हर्षदीपला वाटलं, आता जमिनीत जागा झाली तर बरं.

मैत्री उठली. तिनं मारोतरावांच्या हातातून माईक घेतला, तेव्हा त्यांनी तो सोडायला थोडा वेळ लावला.

"मी मातीचा विषय घेऊन राह्यली," ती म्हणाली. "ठरलं माह्यं."

पहिल्यांदा टाळी कोणी वाजवली ते कळलं नाही, पण ती वाजली. राहीबाईनं लगेच पिशवी पुढं केली. "हे घे. खालच्या वावरातली हाये. तिकडच्या मास्तराले दाखव."

"मावशी, माती नेता येत नाही. विमानतळावर काढून घेतेत. तुमची माती आपण इथंच आदिलाबादले तपासू. होते इथं."

राहीबाईनं पिशवी छातीशी धरली आणि विचार केला.

"इथंच होते," ती म्हणाली, "तं मंग तू काऊन जाऊन राह्यली?"

हॉल हसला. मग हसणं थांबलं, कारण उत्तर सगळ्यांनाच हवं होतं. हर्षदीपला सगळ्यांत जास्त.

"इथं मातीत काय कमी हाये ते सांगतेत, मावशी. खत कोन्तं टाकाचं ते सांगतेत. पन तुमच्या खालच्याच वावरात काऊन वाळते, वरच्या वावरात काऊन नाही, ते मी माह्या सराईले इचारलं. त्याईलेई पक्कं सांगता आलं नाही. तेच शिकाले जाते."

"मंग वापस येजो," राहीबाई म्हणाली आणि खाली बसली.

दादाजी सगळ्यांत आधी सावरले. "तसं पाह्यलं तं," ते म्हणाले, "माती म्हंजे आरोग्यच. मातीतून पिकते, तेच पोटात जाते. मी तं हेच म्हनून राह्यलो होतो."

"आनि आता माती काय फावड्यानं पाह्यतेत काय?" मारोतराव म्हणाले. "सगळं कम्प्युटरवरच पाह्यतेत. म्हंजे शेवटी विषय कोन्ता झाला?"

दोघंही जिंकल्यामुळे कार्यक्रम नीट पार पडला. बॅनर मात्र कोणीच उतरवू दिले नाहीत.

घरी आल्यावर हर्षदीप शर्ट न काढता खुर्चीत बसला. मैत्रीनं लॅपटॉप उघडला. अजून पाच वाजले नव्हते. तिनं मृदाशास्त्रावर खूण केली, पुढचं पान आलं, आणि त्या पानावर विद्यापीठाचा एक प्रश्न होता. ती मोठ्यानं वाचू लागली.

"हा विषय निवडताना तुम्हाला कोनाची मदत झाली? आई-वडील, शिक्षक, नातेवाईक, सल्लागार, इतर."

हर्षदीपनं खिडकीबाहेर पाहिलं. आपण काही मदत केली असं त्याला वाटत नव्हतं, पण विद्यापीठ इतक्या लांबून विचारतंय, तर बापाचं नाव लागलं असतं तरी बिघडत नव्हतं. अर्पिताही स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

मैत्रीनं 'इतर'वर खूण केली. पुढच्या रिकाम्या चौकोनात तिनं इंग्रजीत राहीबाईचं नाव आणि गाव लिहिलं.

"तिनं काय सल्ला देल्ला तुले?" हर्षदीपनं विचारलं.

"सल्ला नाही देल्ला. फोन केला, खालच्या वावरातच कापूस वाळते म्हने, आणि इचारलं, माती कोठून काढू, वरून का खोलातून. सांगतलं तं म्हंते, बरं. आणि ठेवला फोन." मैत्री पडद्याकडे पाहत होती. "बाबा, एकवीस दिवसांत मले सगळ्याईनं सांगतलं. इचारलं तिनं एकटीनं. आणि मले उत्तर येत होतं."

हर्षदीपनं खिशातून चष्मा काढला, तो सदऱ्याला पुसला आणि लॅपटॉपवर वाकला.

"थांब, पाठवू नको," तो म्हणाला. "राहीबाईच्या नावात तू एच टाकलाच नाही."