बिनरजेचं लग्न

"लग्न लाव त्यांचं. पण हुद्द्यात चूक नको. आरमारी माणसाची लेक आहे मी, चूक सापडली की वाचन तिथंच बंद," मॉर्वेनाने रुग्णालयात जाताना मैत्रिणीला, हेस्टरला बजावलं होतं. उद्या सकाळी तिच्या हृदयाची शस्त्रक्रिया होती. त्याआधी शेवटचं प्रकरण ऐकवायचं हेस्टरने कबूल केलं होतं.

टीव्हीवरच्या जुन्या आरमाराच्या मालिकेतला देखणा लेफ्टनंट उचलून हेस्टर चाहत्यांसाठी कथा लिहीत असे. एकोणचाळीस प्रकरणं वहीत उतरली होती, चाळिसावं पिशवीत सुट्या कागदांवर होतं. अडलं होतं एका शंकेपाशी. पण डेव्हनपोर्टसारख्या आरमारी गावात डोळे मिटून खडा मारला तरी तो निवृत्त नौदल अधिकाऱ्यालाच लागतो! ती चर्चमधल्या गुरुवारच्या चहाला वही घेऊन गेली आणि मॉर्वेनाची हकीकत सांगून तिने विचारलं,

"लेफ्टनंटाला लग्नासाठी किनाऱ्यावर उतरायला रजा कोण देतं हो?"

"कॅप्टन," कॅप्टन टॉनकिन म्हणाले.

"जहाज बंदरात असेल तर बंदराचा ॲडमिरल," कॅप्टन चेनोवेथ म्हणाले.

"तुला कुणी विचारलं? मी ज्येष्ठ आहे."

"हुद्दा एकच आहे आपला."

"माझी नेमणूक अकरा दिवस आधीची."

झालं. अकरा दिवसांचं हे वैर चाळीस वर्षं मुरलं होतं. पहिला कप कुणापुढे ठेवायचा ते ठरेना, म्हणून किटलीतला चहा किटलीतच निवला. टॉनकिननी वही ओढून घेतली.

"हा तिसऱ्या प्रकरणात किनाऱ्यावर काय करतोय?"

"नायिकेला पहिल्यांदा भेटतो," हेस्टर म्हणाली.

"कुणाला विचारून?"

चांदणं पडलं होतं, लिहिताना एवढंच हेस्टरने बघितलं होतं.

"बिनरजेचा गेला. कोर्ट मार्शल."

"अगदी बरोबर," चेनोवेथ म्हणाले. चाळीस वर्षांत दोघांचं पहिल्यांदाच पटलं होतं.

"आणि पुढची छत्तीस प्रकरणं?"

"तेव्हा तो कोठडीत," टॉनकिन म्हणाले. "बसा, आरोपीची बाजू तुम्हीच मांडा."

साडेपाच झाले होते. सातला रुग्णांना भेटायची वेळ संपत होती. मॉर्वेनाला काय सांगायचं, नवरदेव कोठडीत आहे? हेस्टरने मनातल्या मनात प्रार्थना सुरू केली. देवाच्या दारी निदान ज्येष्ठतेचा वाद नव्हता.

टेबलाच्या टोकाला चौऱ्याऐंशी वर्षांचे लेफ्टनंट पेंगेली बसले होते. हुद्दा सगळ्यांत खालचा, त्यामुळे त्यांच्यापर्यंत बिस्किटंसुद्धा पोचली नव्हती. ते हळूच म्हणाले, "तुम्हाला हे आज सोडत नाहीत, बाई. शेवटचे कागद द्या इकडे. मी वाचून दाखवतो तिला. शब्द देतो."

"पण तिने चूक काढली तर?"

"आमचंही लग्न असंच, बिनरजेचं झालंय. सांगेन तिला."

ते उठून उभे राहिले. "सर, जाऊ का?"

"कुणाला विचारतोयस?" दोन्ही कॅप्टन एकदम म्हणाले.

"जे ज्येष्ठ असतील त्यांना."

नेमणुकीची तारीख पुन्हा पहिल्यापासून निघाली. पेंगेली जरा वेळ अदबीने थांबले. मग हेस्टरने दिलेले कागद कोटाच्या आतल्या खिशात ठेवून, टोपी उचलून, रजा न घेताच रुग्णालयाच्या बसकडे चालू लागले.