पियानोला कुलूप

रोहिदास थोरवे घाबरट आहे असं कुणी म्हणालं, तर तो लगेच कबूल करतो. चाकणच्या कंपनीत सव्वीस वर्षं मेंटेनन्सला काढून दहाही बोटं शाबूत राखली, ती घाबरूनच. पण त्या शनिवारची भीती मशीनची नव्हती, पोटच्या पोरीची होती.

पोरगी म्हणजे मोनिका. वय तेवीस, पियानो वाजवते. (शेलवाडीत गेली दहा वर्षं ‘रोहिदासची पोरगी पेटी शिकतीय’ एवढीच बातमी होती.) आज ती पहिल्यांदा आपल्या गावात, भैरवनाथाच्या सभामंडपात वाजवणार होती. सोबत मुंबईचे चौघे : दोन व्हायोलिनं, एक त्यांच्याहून थोराड व्हायोला आणि माणसाएवढं एक चेलो.

"बाबा, भाषण नाही, सत्कार नाही, प्रतिमापूजन नाही. आणि पियानोवर नारळ फोडायचा नाही," तिने बजावलं होतं. "यातलं काहीही झालं तर मी पुन्हा या गावात वाजवणार नाही."

मोनिका बोलते तसं करते. धाकट्या काकाशी बोलणार नाही म्हणाली होती, तर चार वर्षं बोलली नव्हती.

नारळाची भीती तर अगदी खरी होती. गावात ट्रॅक्टर येवो की पाण्याची मोटार, सोजराबाई हळदीकुंकवाचं ताट घेऊन हजर, आणि नारळ त्या वस्तूच्या अंगावरच फुटणार. फर्स्ट शिफ्ट सुटल्यावर रोहिदास थेट मंडपात आला, तेव्हा सोजराबाई पियानोभोवती फिरून त्याला ठोकून बघत होत्या.

"याला कडक जागा कुठं हाय रं?" त्यांनी विचारलं.

 रोहिदासने कशीबशी त्यांची बोळवण केली आणि कंपनीत करतो तेच केलं. कंपनीचा नियम असा, की मशीनला कुणी हात लावायला नको असेल तर त्याला कुलूप घालायचं, आपला फोटो असलेला लाल टॅग लटकवायचा, किल्ली आपल्याच खिशात ठेवायची आणि शेवटी मशीन खरंच बंद आहे ना, हे एकदा हलवून बघायचं. पियानोच्या झाकणाला कुलपाची सोय होती आणि किल्ली तिथेच लटकत होती. रोहिदासने ती फिरवली, खिशात टाकली आणि पोस्टकार्डाएवढा टॅग पुढे अडकवला : ‘धोका. चालू करू नये.’ खाली त्याचा फोटो. मग निश्चिंत मनाने घरी जाऊन, आंघोळ करून, नवा पांढरा झब्बा घालून परत आला.

सहाच्या कार्यक्रमाला दहा मिनिटं उरली असताना मंडपामागच्या खोलीत मोनिकाने विचारलं, "पियानोपाशी सगळं ठीक आहे ना?"

"एकदम," म्हणत त्याने झब्ब्याच्या खिशात हात घातला. खिशात एक सुपारी होती.

किल्ली कंपनीच्या पँटीत राहिली होती. हे मोनिकाला सांगायचं धाडस त्याला झालं नाही. "आलोच," एवढंच म्हणून तो गावाच्या दुसऱ्या टोकाला धावत सुटला.

घरी त्याची आई गोजाबाई वॉशिंग मशीनसमोर पाट टाकून बसली होती. काचेमागे पँट गरगरत होती.

"आये, मशीन थांबव."

"न्हाई थांबत. तूच सांगितलंयस, बटन दाबायचं आन् मधी हात लावायचा न्हाई."

पडद्यावर अडतीस मिनिटं शिल्लक दिसत होती. रोहिदासने प्लग उपटला, तरी दार उघडेना. तेव्हा सव्वीस वर्षांच्या अनुभवाने त्याने खालचं फिल्टर उघडलं. फेसाळ पाण्याचा लोट थेट त्याच्या छातीवर आला. पाणी उतरून दार उघडलं आणि पँटीतली किल्ली हातात पडली, तोवर तो नखशिखान्त भिजला होता आणि सहा वाजून दहा मिनिटं झाली होती. रस्ताभर त्याला एकच दिसत होतं : बंद पियानोसमोर बसलेली मोनिका आणि हसणारा गाव.

मंडपाच्या दाराशी येऊन तो थबकला. सगळा गाव उभा होता. कुणी हसत नव्हतं. सगळ्यांच्या माना खाली होत्या आणि पियानोवर त्याचा स्वतःचा फोटो होता, झेंडूचा हार घातलेला. पुढे उदबत्ती जळत होती.

 धावताना रोहिदासच्या छातीत कळ आली होती खरी. आपण वाटेतच गेलो की काय, या शंकेने त्याने स्वतःला चिमटा काढला. चिमटा लागला, पण फारसा नाही. त्यामुळे भीती आणखीच वाढली.

झालं होतं ते असं. पंचायत समितीचे माजी सभापती मारुतराव यांचा परवाच मोतीबिंदू काढला होता. प्रतिमापूजन रद्द झाल्याचं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. ते काळा चष्मा लावून, स्वतःचा हार घेऊन स्टेजवर चढले, फोटो दिसला तिथे हार घातला आणि "दिवंगतांना दोन मिनिटं श्रद्धांजली" म्हणून मोकळे झाले. मुंबईचे चौघेही इथली पद्धत समजून अदबीने माना खाली घालून उभे राहिले.

"सकाळी तर दूध नेताना दिसला व्हता," मागच्या रांगेत कुणी कुजबुजलं.

"अ‍ॅटॅकचं काय सांगावं, भावा."

तेवढ्यात सोजराबाईंनी मान वळवली. दारात पांढऱ्या झब्ब्यातला रोहिदास उभा, अंगावरून पाणी निथळतंय. त्यांच्या हातातला नारळ सुटला आणि फरशीवर फुटला. मागच्या चार रांगा स्टेजकडे सरकल्या.

मोनिका नुकतीच स्टेजवर आली होती. तिने हार घातलेला फोटो पाहिला आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला. मग तिला दारातला बाप दिसला. ती धावत खाली आली आणि सगळ्यांदेखत तिने त्याचा ओला दंड चाचपून बघितला. 

"बरे आहात ना, बाबा?"

"आहे वाटतं." रोहिदासने किल्ली पुढे केली. "चुकलो गं. कुलूप लावलं होतं."

"कुठलं कुलूप? ते मोडलंय. पियानोवाल्याने देतानाच सांगितलं होतं." ती परत वर गेली, हार बाजूला केला आणि एका बोटाने झाकण उचललं.

त्यानंतर पाऊण तास कुणी जागचं हललं नाही. दारात तो उभा असल्यामुळे बाहेर जायची कुणाची छाती नव्हती. मोनिका वाजवत होती, चौघे तिला साथ देत होते आणि रोहिदास दाराशी उभ्या उभ्या रडत होता. पाणी तसंही निथळतच होतं, त्यामुळे कुणाला कळलं नाही.

"इतके शांत श्रोते पुण्यातही मिळाले नव्हते," मोनिका नंतर म्हणाली. "पुढच्या वर्षी परत येऊ."

सोमवारी कंपनीच्या सेफ्टी ऑफिसरने रोहिदासला बोलावलं. हाराचा फोटो सगळ्या ग्रुपवर फिरला होता.

"कुलूप लावलंत, टॅग लावलात," साहेब म्हणाले. "मग हलवून बघितलं होतंत का?"

 त्याला नव्या पोरांबरोबर ट्रेनिंगला बसवलं. दिवे मालवले आणि पहिलीच स्लाइड आली, झेंडूच्या हारातल्या त्याच्याच फोटोची. पोरं बिचारी नवी. त्यांनी एकमेकांकडे बघितलं आणि माना खाली घालून उभी राहिली. एकट्यानेच बसून राहणं बरं दिसेना, म्हणून मग रोहिदासही उभा राहिला.