उसना पसारा

कोणत्याही समाजाची नैतिक उंची तो समाज आपल्या सेवकवर्गाला कसं वागवतो यावरून मोजावी, असं माझं ठाम मत आहे. हे मत मी जहाजावरच्या पहिल्याच जेवणाला, सूप येण्याआधी, पूर्ण गांभीर्याने मांडलं. सूप आलं तेव्हा मी पुढच्या मुद्द्यावर होतो. तो असा, की केबिन आवरणाऱ्या माणसाला जादा टिप द्यायची नाही.

टेबलाला आम्ही चौघं होतो. मी, माझी बायको, तिची थोरली बहीण आणि त्या बहिणीचा नवरा, म्हणजे माझा साडू. मी कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतो. साडू इमारती बांधण्याचे ठेके घेतो. त्यामुळे पैसा म्हणजे काय हे मला माहीत आहे, आणि पैसा त्याच्याकडे आहे.

"जादा का नाही द्यायची?" मेहुणीने विचारलं.

"कारण टिप आधीच कापलेली आहे, ताई. रोज, माणशी, आपोआप. आपण झोपलेले असतानासुद्धा ती कापली जाते. त्यावर आणखी देणं म्हणजे पगारी माणसावर मेहेरबानी करणं. ती सरंजामशाही झाली."

"आणि न देणं?" बायकोने विचारलं.

"तो त्याच्या स्वाभिमानाचा आदर."

"स्वस्तात पडतो की आदर," साडू म्हणाला. "मी तर देऊनही मोकळा झालो. बॅगा आत ठेवल्या, तेव्हाच."

"काम बघण्याआधी?"

"साडूभाऊ, भिंत उभी राहिल्यावर गवंड्याला खूश करून काय उपयोग? वाकडी झाली असेल तर झालीच. शेवटच्या दिवशी देतात ते बक्षीस. मी बयाणा देतो."

मी त्याला 'सीमांत उपयोगिता' ही संकल्पना समजावून सांगितली. त्याने तेवढ्यात माझ्या पुढ्यातला पाव खाल्ला.

आमच्या दोन्ही केबिन शेजारीशेजारी होत्या आणि दोन्ही आवरायला एकच माणूस होता. त्याच्या छातीवर नावाची पट्टी होती, पण ती वाचण्याआधी त्याचं हसू दिसायचं आणि मग वाचायचं राहून जायचं. आम्ही त्याला हसरा म्हणू लागलो. आमची भाषा त्याला येत नव्हती, त्याची आम्हाला. तिसऱ्याच एका भाषेत आम्ही सगळे सारखेच कच्चे होतो, म्हणून एकमेकांचं बोलणं छान समजत होतं.

बयाण्याचा परिणाम दुसऱ्याच दिवशी दिसला. साडूच्या पलंगावर टॉवेलाचा हत्ती बसलेला होता. त्याच्या डोळ्यांवर साडूचाच गॉगल होता आणि तो साडूपेक्षा त्याला शोभत होता. आमच्या पलंगावर टॉवेलाची घडी होती. बायकोच्या मते ते कासव होतं.

"बघा," साडू म्हणाला, "हात ओले केल्याशिवाय सोंडसुद्धा वळत नाही."

आता इथे एक खुलासा केला पाहिजे. हसऱ्याचा यात काही दोष नव्हता. आमच्या केबिनमध्ये त्याला करण्यासारखं कामच उरलेलं नसायचं, कारण तो यायच्या आत माझी बायको केबिन आवरून टाकायची.

"अगं, तो केबिन आवरायलाच येतोय," मी पहिल्या सकाळी म्हणालो.

"म्हणूनच. परका माणूस घरात येणार. असला पसारा बघून काय म्हणेल तो?"

"हे घर नाही. आणि पसारा बघणं हाच त्याचा धंदा आहे."

"असेल. आपला पसारा नाही बघायचा." आणि तिने माझ्या पायाखालची चादर ओढली.

घरीही असंच आहे. भांडीवाली यायच्या आत ही भांडी विसळून, ओळीने लावून ठेवते, म्हणजे बाईंचा गैरसमज व्हायला नको की आम्ही यात जेवलो. जहाजावर तर तिला कमी जागा आणि भरपूर वेळ मिळालेला. ती चादर अशी ताणायची की तिच्यावर नाणं टाकलं असतं तर छताला लागलं असतं. बेसिन पुसायची. आरसा पुसायची. कचऱ्याच्या पिशवीला गाठ मारून ती दाराशी उभी करायची, पाहुणा निघाल्यासारखी. हसऱ्याने दार वाजवलं की अर्धवट उघडून म्हणायची, "सगळं छान आहे. दमला असाल तुम्ही. राहू द्या."

मला यात अर्थशास्त्र दिसू लागलं. "काम आपण करतोय," मी जेवताना जाहीर केलं. "तेव्हा जादा टिपेचा प्रश्न निकालात निघाला. हिशेबाने त्यांनीच आपल्याला काहीतरी द्यायला हवं."

आणि खरोखरच दिलं. संध्याकाळी दार वाजलं. बाहेर हसरा नव्हता, त्याच्यावरचा अधिकारी होता. खांद्यावर सोनेरी पट्टी, हातात फळांची परडी. मी मनातल्या मनात त्याचं नाव मुकादम ठेवलं.

"आपली काय नाराजी आहे?" त्याने विचारलं.

"काहीच नाही. आम्ही अत्यंत समाधानी आहोत."

मुकादमाने पलंगाकडे पाहिलं. चादरीचे कोपरे त्यांच्या पद्धतीचे नव्हते. ते आमच्या घरचे कोपरे होते. "समाधानी प्रवासी स्वतःची केबिन आवरत नाही," तो हळू आवाजात म्हणाला. "माझ्या अनुभवात दोनच प्रकारचे लोक आवरतात. ज्यांना आमच्या माणसाची स्वच्छता पटत नाही, आणि ज्यांना वाटतं की तो सामानाला हात लावेल. आपण कोणत्या प्रकारचे?"

बायकोचा चेहरा पडला. "अहो, तसं काही नाही. आम्ही घरीपण बाई यायच्या आधी आवरून ठेवतो."

"मग बाई काय करतात?"

तिने प्रामाणिकपणे विचार केला. "चहा घेतात."

मुकादम मान हलवत राहिला. "आपण फार सभ्य आहात. तक्रारसुद्धा करवत नाही आपल्याला. काळजी करू नका. पुढच्या बंदराला मी इथे दुसरा माणूस देतो. हा जाईल लाँड्रीत, तिथे एक जागा झालीच आहे."

"लाँड्री कुठे आहे?" मी विचारलं.

मुकादमाने बोट खाली केलं. गालिच्याच्या खाली, इंजिनाच्या शेजारी, पाण्याच्या पातळीच्याही खाली. नरकाची दिशा दाखवायला कीर्तनकार जसं बोट करतो, अगदी तसं. मग परडी ठेवून तो निघून गेला.

दार लागताच बायको माझ्याकडे वळली. "एका गरीब माणसाच्या पोटावर पाय आला. तुमच्या त्या तत्त्वापायी."

"माझ्या? चादरी मी ताणल्या?"

"वेळेवर चार पैसे दिले असते तर त्यांना कळलं असतं की आपण खूश आहोत."

एवढ्यात साडू आत आला. त्याचं लक्ष आधी फळांकडे गेलं, मग माझ्याकडे. "वा, साडूभाऊ. आम्हाला सरंजामशाही, आणि मागच्या दाराने परडी? किती दिलेत, खरं सांगा."

"काही दिलं नाही."

"फुकट अननस येतो होय? मी ठेकेदार आहे, मला नका शिकवू." तो तडक बाहेर गेला आणि हसऱ्याला गाठून त्याने आणखी बयाणा दिला. त्या रात्री त्यांच्याकडे टॉवेलाचं माकड आलं. ते पडद्याच्या दांडीला लटकत होतं.

मी आणि बायको परडीसमोर बसलो. फळाला हात लावायची दोघांचीही हिंमत होईना. एका माणसाला आम्ही आमच्या टापटिपीने पाताळात ढकललं होतं. कॉरिडॉरमधून हसऱ्याची शीळ ऐकू येत होती.

"ऐकलंत?" बायको म्हणाली. "दुःख लपवतोय बिचारा."

उपाय एकच होता. बंदर यायच्या आत आमची केबिन अशी व्हायला हवी होती की हसऱ्यावाचून आमचं चालत नाही हे मुकादमाला उघड्या डोळ्यांनी दिसावं. सकाळी मी बायकोला म्हणालो, "आज आवरायचं नाही. उलट करायचं. तो टॉवेल जमिनीवर फेक."

तिने टॉवेल उचलला, घडी केली आणि जमिनीवर ठेवला.

"फेक म्हटलं."

"फेकलाच की."

मी बिस्किटांचा चुरा सांडायला सांगितला. तिने आधी गालिच्यावर कागद अंथरला. चादर विस्कटायला सांगितली, तर ती दोन्ही बाजूंनी सारखी विस्कटली. मी स्वतः प्रयत्न करून पाहिला, पण माझ्या पाठोपाठ तिचा हात आपोआप फिरत होता. इतक्या वर्षांच्या संसारात मी केलेला एकही पसारा टिकलेला नाही, हे मला त्या दिवशी प्रथमच नीट उमगलं.

"ताईकडून आणू," ती शेवटी म्हणाली. "तिच्याकडे तयार असतो."

ही गोष्ट खरी होती. मेहुणीच्या केबिनमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती, आणि ठेवला तर तो साडूच्या कशावर तरी पडत होता.

"पसारा?" मेहुणी म्हणाली. "उसना?"

"दुपारी परत करते गं. आहे तस्सा."

"ने. पण कोरडा नेऊ नको, ओला ने. ओला बरा दिसतो."

साडू पलंगावरून बघत होता. "बायको जमाखर्च सांभाळून घेते म्हणून यांचं शिक्षण झाकलं जातं," तो माकडाला म्हणाला.

मी निघालो. खांद्यावर साडूची ओली पोहण्याची चड्डी, एका हातात मेहुणीच्या वाळूने भरलेल्या चपला, दुसऱ्या हातात अर्धवट खाल्लेल्या खाऱ्या दाण्यांची बशी. कॉरिडॉरमध्ये समोरून मुकादम आला.

"आपण केबिन बदलताय?" त्याने घाबरून विचारलं. "इतकी नाराजी?"

"नाही, नाही. थोडं सामान आणतोय."

"आपलं?"

"शेजारच्यांचं."

"कशाला?"

चड्डीतून पाणी माझ्या पाठीवरून ओघळत होतं. अशा वेळी माणसाला खोटं सुचत नाही. "केबिन घाण करायला," मी म्हणालो.

मुकादमाने मला शांतपणे आपल्या खोलीत नेलं. ती साबणाच्या डब्यांच्या मधोमध, कपाटाएवढी होती. तिथे, चपला मांडीवर घेऊन, मी हसऱ्याची बाजू मांडली. आयुष्यात कुठल्याच वर्गापुढे मी इतक्या तळमळीने बोललेलो नाही. असा माणूस अख्ख्या जहाजावर नाही, म्हणालो. आम्हाला तोच हवा. आमच्यानंतर येणाऱ्यांनाही तोच मिळावा. त्याला खाली पाठवलंत तर तो अन्याय होईल आणि त्याचं पाप माझ्या बायकोच्या चादरीला लागेल.

मुकादमाने सगळं ऐकून घेतलं. "इतका आवडतो तो आपल्याला?"

"फार."

"मग जादा टिप का नाही दिलीत?"

मी तोंड उघडलं. सरंजामशाही, स्वाभिमान, सीमांत उपयोगिता, सगळं जिभेवर आलं आणि तिथेच उभं राहिलं. समोरचा माणूस वाट बघत होता, आणि साबणाच्या त्या वासात एकाही तत्त्वाला पुढे यायचं धाडस होत नव्हतं.

"द्यायचीच होती," मी म्हणालो. "योग्य वेळेची वाट बघत होतो."

"हीच योग्य वेळ आहे," मुकादम म्हणाला. "आमच्याकडे प्रवाशाची आवड तेवढ्यावरूनच कळते. बोलतात सगळेच."

मग तो समारंभ आमच्या केबिनच्या दारात झाला. हसऱ्याला बोलावण्यात आलं. मुकादम साक्षीला उभा राहिला. मी पाकीट काढलं, आणि बघणारे बरेच आहेत म्हणून त्यातून जरा जास्तच काढलं. साडू शेजारच्या दारातून मान लांब करून मोजत होता.

"या साहेबांनी तुझ्यासाठी शब्द टाकला आहे," मुकादम हसऱ्याला म्हणाला. "लाँड्री रद्द. तू इथेच राहायचंस. करार संपेपर्यंत."

हसऱ्याने पैशांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि त्याचे डोळे काठोकाठ भरले. माझ्या बायकोने पदर डोळ्यांना लावला. माझ्याही आत काहीतरी हललं. कसल्याही सिद्धांतापेक्षा माणूस मोठा, असं एक वाक्य मी ताबडतोब तयार केलं आणि रात्रीच्या जेवणासाठी राखून ठेवलं.

"शेवटी दिलेतच," जेवताना साडू म्हणाला. "तेही माझ्यापेक्षा जास्त. आणि सरंजामशाही?"

"ही ती नव्हे. कसल्याही सिद्धांतापेक्षा माणूस..."

"सूप घ्या, गार होतंय," बायको म्हणाली. पण त्या दिवशी ती माझ्याकडे बऱ्याच दिवसांनी कौतुकाने बघत होती. पुढचे सगळे दिवस आम्ही मोठ्या मनाची माणसं म्हणून जहाजावर वावरलो. मी इतर प्रवाशांनाही जादा टिपेचं महत्त्व पटवून देऊ लागलो. काही जण मला बघून वाट बदलत, पण थोरामोठ्यांच्या वाट्याला हे यायचंच.

उतरायच्या दिवशी हसरा बॅगा न्यायला आला. त्याने दार वाजवलं, नमस्कार केला. हसला नाही.

"बरं नाही का वाटत?" बायकोने विचारलं. "आता कसली काळजी? साहेबांनी तुमची ती बदली थांबवली ना."

"हो, मॅडम. थांबवली." त्याने एक बॅग उचलली, पुन्हा खाली ठेवली. "त्या बदलीसाठी अर्ज मीच केला होता. आलो तेव्हापासून करतोय. जागा होत नव्हती. या खेपेला झाली होती."

मी खाली बघितलं, मग त्याच्याकडे. "पण लाँड्रीत तर उकाडा असतो."

"फार."

"खिडकीसुद्धा नाही म्हणे."

"नाही, साहेब."

"टिप?"

"तिथे कोण देणार?"

"मग तिथे आहे काय?" बायकोने विचारलं.

"माझी बायको," हसरा म्हणाला. "ती तिथे इस्त्री करते."